शिकारीआधी आलेला कायदा

१९७२ सालच्या फेब्रुवारीत बारा देशांचे प्रतिनिधी लंडनमध्ये जमले. विषय होता अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रातली सीलची शिकार. या समुद्रात तेव्हा सीलची व्यापारी शिकार चालूच नव्हती. कुठल्याही देशाची शिकारी जहाजे तिकडे नेमाने जात नव्हती. तरंगत्या बर्फावरच्या सीलच्या कातड्याचा किंवा चरबीचा धंदा उभा राहिलेला नव्हता. तरीही वर्षाला जास्तीत जास्त किती सील मारता येतील, कोणत्या महिन्यांत शिकार पूर्ण बंद राहील, कोणत्या जातींना कधीच हात लावायचा नाही, हे सगळे नऊ दिवसांत ठरले. १ जून १९७२ रोजी ‘अंटार्क्टिक सील संवर्धन करार’ सह्यांसाठी खुला झाला आणि ११ मार्च १९७८ पासून तो लागू झाला.

वन्यजीवांसाठीचे कायदे सहसा असे होत नाहीत. आधी धंदा येतो, त्याची भरभराट होते, मग प्राणी दिसेनासे होतात आणि उरलेसुरले वाचवायला कायदा धावत येतो. सीलच्या बाबतीत ध्रुवीय प्रदेशांनी हे सगळे उत्तरेतही पाहिले होते आणि दक्षिणेतही. लंडनच्या बैठकीमागे दीड-दोनशे वर्षांचा तो अनुभव होता. म्हणून या कराराकडे वळण्याआधी मागे जायला हवे.

ओस पडलेले किनारे

जेम्स कुक १७७५ च्या जानेवारीत दक्षिण जॉर्जिया बेटावर उतरला. तिथल्या किनाऱ्यांवर सील असल्याची त्याची नोंद प्रसिद्ध झाली आणि काही वर्षांतच ब्रिटिश व अमेरिकी शिकारी जहाजे त्या दिशेने निघाली. त्यांना हवा होता फर सील. त्याच्या बाहेरच्या राठ केसांखाली अतिशय दाट, मऊ लव असते. चीनमधल्या कँटनच्या बाजारात आणि पुढे लंडनमध्येही या कातड्यांना चांगला भाव होता. १८००-०१ च्या हंगामात एडमंड फॅनिंगच्या ‘अस्पेशिया’ या एकाच जहाजाने दक्षिण जॉर्जियातून ५७,००० कातडी नेली.

१८१९ मध्ये विल्यम स्मिथला दक्षिण शेटलंड बेटे सापडली. पुढच्या दोन-तीन हंगामांत तिथून सुमारे ३ लाख २० हजार कातडी गेली आणि किनारे ओस पडले. ही आकडेवारी जेम्स वेडेल या शिकारी कप्तानाने दिली आहे. दक्षिण जॉर्जियातून तोवर किमान १२ लाख कातडी गेली असावीत, असा त्याचा हिशेब होता. याच वेडेलने १८२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले, की पिल्ले मोठी होईपर्यंत माद्यांना सोडले असते, तर दक्षिण शेटलंडमधून दरवर्षी एक लाख कातडी कायम मिळत राहिली असती. म्हणजे उपाय ठाऊक होता, आणि तो शिकार करणाऱ्यालाच सुचला होता.

उपाय अमलात आणणारे मात्र कोणी नव्हते. त्या किनाऱ्यांवर कुठल्याही सरकारची माणसे नव्हती. नवे बेट सापडले, की कप्तान ते लपवून ठेवीत. आज आपण सोडलेली मादी उद्या दुसऱ्या जहाजावरची माणसे मारणार, हे प्रत्येकाला पक्के माहीत होते. अशा स्थितीत संयम दाखवणाऱ्याच्या पदरी फक्त तोटा येतो.

जिथे जमिनीवर एका सरकारचा अंमल होता, तिथे वेगळे चित्रही दिसले. दक्षिण जॉर्जियात १९१० ते १९६४ या काळात तेलासाठी एलिफंट सीलची शिकार झाली, पण परवान्याने. फक्त पूर्ण वाढलेले नर मारायचे. किनाऱ्याचे चार भाग पाडलेले होते आणि दरवर्षी त्यांपैकी एकाला विश्रांती दिली जाई. पुढे रिचर्ड लॉज या ब्रिटिश शास्त्रज्ञाने सीलच्या दातातल्या थरांवरून त्याचे वय ओळखण्याची पद्धत शोधली. मारल्या जाणाऱ्या नरांचे वय घटत चालले आहे का, हे त्यामुळे तपासता येऊ लागले आणि शिकारीचे प्रमाण त्यानुसार बदलले गेले. हा प्राणी तिथे संपला नाही.

प्रिबिलोफचा धडा

उत्तरेकडे बेरिंग समुद्रात प्रिबिलोफ नावाची लहान बेटे आहेत. उत्तरी फर सीलची सर्वांत मोठी वीण तिथे होते. १८६७ मध्ये अलास्काबरोबर ही बेटे रशियाकडून अमेरिकेकडे आली. अमेरिकी सरकारने शिकारीचा मक्ता कंपन्यांना दिला. नियम असा होता, की जोडीदार न मिळालेले तरुण नरच मारायचे. एक बलवान नर अनेक माद्यांचा कळप राखतो, त्यामुळे काही नर कमी झाल्याने वीण घटत नाही.

पण सील काही बारा महिने बेटावर राहत नाही. पिल्लाला पाजणारी मादी अन्नासाठी कित्येक दिवस खोल समुद्रात जाते, परत येऊन पिल्लाला पाजते, पुन्हा जाते. १८८० च्या दशकात कॅनडाची, अमेरिकेची आणि नंतर जपानची जहाजे तिला नेमकी समुद्रातच गाठू लागली. पाण्यात नर-मादी ओळखता येत नाही. गोळी लागलेले कित्येक सील हाती येण्याआधीच बुडतात. आणि एक मादी मेली, की तिच्या पोटातले पिल्लू आणि किनाऱ्यावर वाट पाहणारे पिल्लू अशी आणखी दोन जातात.

अमेरिकेने कॅनडाची जहाजे पकडायला सुरुवात केली. ब्रिटनने आक्षेप घेतला आणि भांडण पॅरिसच्या लवादापुढे गेले. आपल्या बेटावर जन्मलेला सील ही आपली मालमत्ता आहे, तो समुद्रात गेला तरी आपला हक्क सुटत नाही, असा अमेरिकेचा दावा होता. १८९३ मध्ये लवादाने तो फेटाळला. खुल्या समुद्रातला सील कुणाचाच नाही, असा निकाल झाला. लवादाने बेटांभोवती ६० मैलांत शिकारबंदी घातली आणि मे ते जुलै हे तीन महिने बंदीचे ठरवले, पण ते नियम ब्रिटन आणि अमेरिकेपुरतेच होते. जपानी जहाजांना ते लागू नव्हते. लाखोंनी मोजले जाणारे कळप घटत गेले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर प्रिबिलोफवर दोन लाखांच्या आसपासच सील उरले.

७ जुलै १९११ रोजी अमेरिका, रशिया, जपान आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन यांनी उत्तर पॅसिफिक फर सील करार केला. वन्यप्राण्यांच्या रक्षणासाठी झालेल्या पहिल्या महत्त्वाच्या आंतरराष्ट्रीय करारांत त्याची गणना होते. खुल्या समुद्रातली शिकार बंद झाली. शिकार फक्त विणीच्या बेटांवर, त्या त्या सरकारच्या देखरेखीखाली करायची ठरले. मग समुद्रातली शिकार सोडणाऱ्यांना काय मिळाले? अमेरिकेने प्रिबिलोफवर मिळणाऱ्या कातड्यांपैकी १५ टक्के कॅनडाला आणि १५ टक्के जपानला द्यायची होती. त्यामुळे सील जगण्यात चौघांचाही फायदा झाला. शतकाच्या मध्यापर्यंत तिथले कळप पुन्हा दहा लाखांच्या पुढे गेले.

या यशाला एक काळी बाजू आहे आणि ती झाकून चालणार नाही. बेटांवरची कष्टाची कामे अल्यूट लोकांकडून करून घेतली जात. रशियन व्यापाऱ्यांनी त्यांना मजुरीसाठी तिथे आणले होते. अमेरिकी राजवटीतही दीर्घकाळ त्यांना पुरते नागरी हक्क मिळाले नाहीत. राहणे, खाणे, प्रवास सगळे सरकारी अधिकाऱ्यांच्या मर्जीवर होते. सीलला संरक्षण देणारी व्यवस्था माणसांवर अन्याय करत चालली होती.

बर्फ कोणाच्या हद्दीत?

प्रिबिलोफने एक गोष्ट दाखवून दिली. सीलचे आयुष्य किनारा आणि समुद्र या दोन्हींत विभागलेले असते, आणि यांपैकी एकच बाजू धरणारा कायदा दुसऱ्या बाजूने फुटतो. अंटार्क्टिकात तर तिसरी जागाही आहे: तरंगता बर्फ. तो जमीन नाही आणि खुले पाणीही नाही. हिवाळ्यात तो लाखो चौरस किलोमीटर पसरतो, उन्हाळ्यात आक्रसतो आणि वाऱ्याबरोबर सरकत राहतो. क्रॅबईटर, लेपर्ड आणि रॉस हे सील याच बर्फावर जन्मतात आणि वाढतात. क्रॅबईटर सील क्रिल या कोळंबीसारख्या लहानग्या जीवावर जगतो आणि त्याची संख्या काही दशलक्षांत आहे. जगातल्या सर्वांत मोठ्या संख्येने असणाऱ्या सस्तन वन्यप्राण्यांत तो मोडतो.

१ डिसेंबर १९५९ रोजी बारा देशांनी अंटार्क्टिक करारावर सह्या केल्या. ६० अंश दक्षिण अक्षांशाच्या खालचा सगळा प्रदेश शांततेसाठी आणि विज्ञानासाठी राखला गेला. पण त्याच्या सहाव्या कलमात खुल्या समुद्रावरचे देशांचे हक्क अबाधित ठेवलेले आहेत. १९६४ मध्ये याच देशांनी तिथल्या प्राणी-वनस्पतींच्या रक्षणासाठी संमत उपाययोजना केल्या. परवान्याशिवाय कुठलाही सस्तन प्राणी किंवा पक्षी मारायचा नाही, असे ठरले. फर सील आणि रॉस सील यांना विशेष संरक्षित दर्जा मिळाला. तरीही सहावे कलम आडवे येत होते. हे नियम जमिनीवर आणि किनाऱ्याला जोडलेल्या हिमकड्यांवर चालत. तरंगत्या बर्फावरचा सील मात्र खुल्या समुद्रातला गणला जाई. ज्या बर्फावर सर्वाधिक सील होते, तोच कायद्याबाहेर राहिला होता.

ही फट कागदापुरती नव्हती. १९६४ मध्येच ‘पोलारहाव’ हे नॉर्वेचे जहाज तरंगत्या बर्फातली शिकार परवडते का, हे अजमावायला दक्षिणेत गेले आणि हजाराहून जास्त सील मारून परतले. धंदा फायद्याचा ठरला नाही. पण उत्तर अटलांटिकमधले सील घटत होते आणि तिथली जहाजे नव्या पाण्याच्या शोधात होती. पुढचे जहाज केव्हाही येऊ शकले असते. १९६६ मध्ये देशांनी ऐच्छिक नियम स्वीकारले आणि सहा वर्षांनी लंडनमध्ये त्यांना कराराचे रूप दिले.

करारात काय आहे

१९७२ चा करार ६० अंश दक्षिणेखालच्या समुद्राला लागू होतो. त्यामुळे तरंगता बर्फ आपोआप कायद्याच्या कक्षेत येतो. हद्द कोणाची हा प्रश्न त्याने बाजूला ठेवला आणि प्राणी जिथे राहतो ती जागा धरली.

रॉस सील, दक्षिणी एलिफंट सील आणि फर सील यांच्या शिकारीला त्यात पूर्ण बंदी आहे. उरलेल्या तीन जातींसाठी वार्षिक कमाल मर्यादा आहेत: क्रॅबईटर १,७५,०००, लेपर्ड १२,००० आणि वेडेल ५,०००. १ मार्च ते ३१ ऑगस्ट शिकार बंद. कोकण किनाऱ्यावर पावसाळी मासेमारीबंदी असते, तसाच हा बंदीचा काळ, पण सहा महिन्यांचा. वेडेल सील किनाऱ्याला घट्ट धरलेल्या बर्फावर, ठरलेल्या जागी पिल्ले देतो आणि त्यामुळे सहज हाती लागतो. म्हणून त्याच्या प्रौढांना १ सप्टेंबर ते ३१ जानेवारी या काळातही संरक्षण आहे. सगळ्या समुद्राचे सहा विभाग पाडून दर हंगामात आळीपाळीने एक बंद ठेवायचा. दक्षिण जॉर्जियात किनाऱ्याच्या भागांना दिली जाणारी विश्रांती इथे समुद्राला दिलेली दिसते. दक्षिण ऑर्कने बेटांचा परिसर, रॉस समुद्राचा नैर्ऋत्य भाग आणि एडिस्टो खाडी ही तीन राखीव क्षेत्रे ठरली, तिथे कधीच शिकार नाही.

अन्नासाठी, संशोधनासाठी किंवा संग्रहालयांसाठी मोजके सील विशेष परवान्याने मारता येतात. प्रत्येक देशाने मारलेल्या सीलचा हिशेब दरवर्षी इतरांना आणि अंटार्क्टिक संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक समितीला कळवायचा. व्यापारी शिकार खरोखर सुरू झालीच, तर तपासणीची व्यवस्था आणि आयोग उभारण्याची तरतूदही करून ठेवली आहे.

कोटा ठरवला म्हणजे शिकारीला मान्यताच दिली, असा आक्षेप या करारावर घेतला गेला. तो समजण्यासारखा आहे. परंतु पूर्ण बंदीचा आग्रह धरला असता, तर शिकारीचा हक्क सोडायला तयार नसलेले देश बाहेर राहिले असते आणि बाहेरच्या देशाला कुठलाच नियम बांधत नाही. पॅरिसच्या लवादानंतर जपानी जहाजांनी नेमके हेच दाखवले होते. वरची मर्यादा मान्य करून सगळ्यांना आत घेणे हा मार्ग जास्त पक्का ठरला.

प्रत्यक्षात व्यापारी शिकार कधी सुरूच झाली नाही. सर्वांत मोठा अपवाद १९८६-८७ च्या हंगामातला. सोव्हिएत जहाजांनी संशोधनाच्या परवान्यावर सुमारे ४,८०० सील मारले, त्यांत बहुतेक क्रॅबईटर होते. कराराच्या कमाल मर्यादेपुढे हा आकडा लहान होता, पण संशोधनाला एवढे प्राणी कशाला लागतात, असा प्रश्न उभा राहिला. ४,८०० हा आकडा सगळ्यांसमोर आला, तो हिशेब देण्याच्या अटीमुळेच.

माद्रिदनंतर

४ ऑक्टोबर १९९१ रोजी माद्रिदमध्ये अंटार्क्टिकाच्या पर्यावरण रक्षणाचा पूरक करार स्वीकारला गेला. १४ जानेवारी १९९८ पासून तो लागू झाला. त्याचे दुसरे परिशिष्ट प्राणी-वनस्पतींचे आहे. सील मारणे, पकडणे, हाताळणे याला परवाना लागतोच; शिवाय हेलिकॉप्टर, वाहन किंवा होडीने त्यांच्या कळपाला बिथरवणे हाही गुन्हा ठरतो. याच परिशिष्टाने १ एप्रिल १९९४ पर्यंत सगळे कुत्रे अंटार्क्टिकाबाहेर नेण्याची मुदत घातली. कुत्र्यांकडून सीलला रोग होण्याचा धोका होता. स्लेज ओढणाऱ्या या कुत्र्यांना अनेक वर्षे सीलचेच मांस घातले जाई, तेही त्याबरोबर थांबले.

फर सीलचे पुनरागमन ही या साऱ्या प्रयत्नांतली सर्वांत मोठी कमाई आहे. १९३० च्या दशकात दक्षिण जॉर्जियाजवळच्या बर्ड बेटावर त्यांचा एक लहानसा कळप आढळला होता. तिथून संख्या वाढत लाखांत गेली. दक्षिण ऑर्कनेमधल्या सिग्नी बेटावर तर त्यांच्या गर्दीने दुर्मीळ शेवाळ तुडवले जाऊ लागले. २००६ मध्ये फर सील विशेष संरक्षित यादीतून वगळले गेले. साधे संरक्षण कायम राहिले. रॉस सील अजून यादीत आहे.

या व्यवस्थेत भारतही आहे. आपली पहिली अंटार्क्टिक मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि १९८३ मध्ये भारत अंटार्क्टिक करारात सामील झाला. आज ‘मैत्री’ आणि ‘भारती’ या स्थानकांचे काम गोव्यात वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालते. २०२२ मध्ये संसदेने भारतीय अंटार्क्टिक कायदा केला. त्यामुळे आपल्या मोहिमेवर गेलेल्या माणसाने तिथल्या सीलला परवान्याशिवाय मारले, पकडले किंवा त्रास दिला, तर त्याच्यावर भारतात कारवाई होऊ शकते. आंतरराष्ट्रीय करार देशांना बांधतो. एखाद्या व्यक्तीला जबाबदार धरायला मात्र तिच्या देशाचा कायदा लागतो.

बाजार आणि इन्युइट

अंटार्क्टिकात मूळ रहिवासी नाहीत. उत्तर ध्रुवीय प्रदेशात आहेत, आणि तिथला प्रश्न त्यामुळे वेगळा आहे. कॅनडाच्या पूर्वेकडच्या बर्फावर हार्प सीलची पांढरीशुभ्र पिल्ले मारली जात. त्याविरुद्ध १९६०-७० च्या दशकांत मोठे आंदोलन उभे राहिले. १९८३ मध्ये युरोपने या पिल्लांच्या कातड्यांची आयात थांबवली, १९८७ मध्ये कॅनडाने त्यांची व्यापारी शिकार बंद केली. २००९ मध्ये युरोपीय संघाने सीलपासून बनलेल्या जवळजवळ सगळ्या वस्तूंची विक्री रोखली. कॅनडा आणि नॉर्वेने जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली. २०१४ मध्ये तिथल्या अपील मंडळाने महत्त्वाचा निर्णय दिला: प्राण्यांच्या वेदनांविषयी लोकांना वाटणारी नैतिक चिंता हे व्यापारबंदीचे वैध कारण असू शकते, मात्र बंदीतली सूट भेदभावाने देता येणार नाही.

ही सूट उत्तर ध्रुवीय प्रदेशातल्या इन्युइट या मूळ रहिवाशांसाठी होती. सीलचे मांस त्यांचे रोजचे अन्न आहे, कातड्याचे अंगावरचे कपडे होतात, आणि उरलेले कातडे विकून बंदुकीच्या गोळ्या व इंधन येते. कागदावर त्यांना मोकळीक होती, पण बाजारच कोसळल्यावर त्यांच्या कातड्यांनाही गिऱ्हाईक उरले नाही. पिल्लांची शिकार त्यांची नव्हती, झळ मात्र त्यांना बसली. प्रिबिलोफच्या अल्यूटांप्रमाणे इथेही प्राण्यासोबत राहणाऱ्या माणसांना निर्णयात जागा नव्हती. संरक्षणाचा कायदा न्याय्य व्हायचा, तर ही जागा सुरुवातीपासून असायला हवी.

आता कोणाला रोखायचे?

आजवरच्या प्रत्येक कायद्यापुढे मारणारा हात होता. १९११ ने तो समुद्रात धरला, १९७२ ने बर्फावर, युरोपने दुकानात. आता बर्फच कमी होतो आहे. रिंग्ड सील आर्क्टिकच्या बर्फावर साचलेल्या हिमात गुहा करून पिल्ले वाढवतो. २०१२ मध्ये अमेरिकेने त्याला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घेतले, ते येत्या दशकांत बर्फ आणि हिम घटणार म्हणून. ऑक्टोबर २०२५ मध्ये निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संघटनेने हूडेड सीलला ‘संकटग्रस्त’ ठरवले. हार्प आणि बिअर्डेड सीलही धोक्याच्या उंबरठ्यावर आल्याचे नोंदवले. दक्षिण जॉर्जियातल्या फर सीलची संख्याही गेल्या दीड दशकात पुन्हा मोठ्या प्रमाणावर घटली आहे. समुद्र तापतो आहे आणि क्रिल कमी मिळते आहे.

तापमानवाढ एका सीलकराराने थांबणार नाही. क्रिलची मासेमारी मात्र माणूस करतो आणि ती नियमांत धरता येते. १९८० मध्ये झालेल्या अंटार्क्टिक सागरी सजीव संवर्धन करारात हे तत्त्व आहे: क्रिल किती पकडायचे हे ठरवताना त्यावर जगणाऱ्या प्राण्यांचाही विचार करायचा. अटलांटिककडच्या भागासाठी ६,२०,००० टनांची मर्यादा आहे. ही मासेमारी एकाच ठिकाणी एकवटू नये म्हणून ती वेगवेगळ्या पट्ट्यांत वाटून देणारा नियम होता. २०२४ मध्ये सदस्यदेशांचे एकमत झाले नाही आणि तो संपला. पुढच्याच हंगामात, ऑगस्ट २०२५ मध्ये, मर्यादा मुदतीआधीच गाठली गेली आणि मासेमारी थांबवावी लागली. दक्षिण शेटलंड, दक्षिण ऑर्कने, दक्षिण जॉर्जिया ही बेटे याच भागात येतात.

१९७२ मध्ये एकमत सोपे गेले, कारण कुणाचाही चालता धंदा बुडणार नव्हता. क्रिलचा धंदा चालू आहे, त्यामुळे आज ते अवघड आहे; उद्या गुंतवणूक वाढल्यावर आणखी अवघड होईल. म्हणून वाटपाचा नियम परत आणण्याची आणि सीलच्या विणीच्या बेटांभोवती राखीव समुद्र ठरवण्याची वेळ हीच आहे. एकेकाळी ज्यांनी धंदा सुरू होण्याआधी स्वतःचे हात बांधून घेतले, तेच बहुतेक देश या टेबलाभोवती बसलेले आहेत आणि भारतही त्यांच्यासोबत आहे. वेडेलला उपाय सुचला, तेव्हा तो अमलात आणणारी व्यवस्था नव्हती. आज ती आहे. निर्णय टाळायला तेही कारण उरलेले नाही.